सिंदीची माती

आमच्या घरात माणसाच्या शब्दापेक्षा सायकलच्या चाकांवर जास्त भरवसा होता. बाबा सडकेवर जमादार होते. हुद्दा ऐकायला भारदस्त, पण काम असं की सडक दुरुस्त करणाऱ्या मैलकुलींच्या टोळ्यांवर नजर ठेवत दिवसभर सायकलनं फिरायचं. कुठल्या मैलावर मुरूम वाहून गेला, कुठं गिट्टी उघडी पडली, कुठली टोळी मुरूम ठोकायची धुम्मस बाजूला टाकून बाभळीखाली ताणून देते आहे, हे बघायचं. वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत सडकेवरच्या माणसांसाठी आठ खोल्यांची एक लाईन होती, तिच्यातली टोकाची खोली आमची. शेजारी महादूकाका, तेही जमादार. लाईनीत जो तो मुरमाचा जाणकार. संध्याकाळी कोणाची सायकल दारात लागली की येणाराजाणारा आधी चाकांकडे बघायचा, मग माणसाकडे. पवनारचा मुरूम राखाडी, त्यात धाम नदीकाठच्या चुनखडीचे पांढरे कण. सेलूचा पिवळा, बेसनासारखा. हिंगणीकडे जंगल सुरू झालं की मुरूम तांबडा होतो आणि रिमच्या कडेला असा बसतो की ओल्या फडक्यानं दोनदा पुसला तरी तिसऱ्यांदा फडकं लाल होतं. सिंदी रेल्वे या गावाच्या वाटेवर मुरूम नावापुरताच, तिथं सगळी कपाशीची काळी माती. सिंदी हे माझ्या आईचं माहेर, त्यामुळे त्या मातीचं कौतुक आमच्याकडे जरा जास्तच व्हायचं. पीक कोणाचंही चांगलं आलं तरी आई म्हणायची, "सिंदीची सर नाई त्याले."

सायकल पुसायचं काम माझ्याकडे होतं. बाबा यायचे ते आधी कानाला कळायचे. लाईनीच्या वळणावर पायडल मारणं थांबवून ते सायकल तशीच सोडून द्यायचे आणि मागच्या चाकाची टिकटिक हळूहळू मंद होत दारात येऊन थांबायची. मी फडकं घेऊन तयार. आत आई भाकरी थापत असायची, चुलीवर तुरीच्या शेंगा उकडत असायच्या, धाकटा बबन उंबऱ्यावर बसून ओरडत असायचा. बाबांनी त्याला उचलून आधी सायकलच्या दांड्यावर बसवायचं, घंटी वाजवू द्यायची, मग हात-पाय धुवायचे. हा क्रम मी जन्मापासून बघत आले होते, त्यातला एकेक दुवा गळायला लागला तेव्हा तो लक्षात यायला मला उशीर लागला नाही. संशय हा गुण मला आईच्या दुधातून मिळाला आहे. माझे यजमान म्हणायचे, तुला देव भेटला तर आधी त्याचं रेशनकार्ड मागशील. माणूस गेला, पण बोलणं राहिलं.

सायकल मला बाबांनीच शिकवली होती. आधी दांड्याखालून पाय घालून, कैची, आणि उंची आल्यावर सीटवर. मुलीच्या जातीला हे कशाला, असं लाईनीतल्या बायका म्हणायच्या, त्यावर बाबा म्हणायचे, "सडक बनवनाऱ्याच्या पोरीले सडक वापरता नाई आली, तं मंग बनवाची कोनासाठी?" मुरमावर चालवायचे त्यांचे नियम होते. हँडल आवळून धरायचं नाही, ढिलं सोडायचं, चाक आपली वाट आपण शोधतं. पुढचा ब्रेक डाव्या हाताला असायचा, उतारावर त्याला हात लावायचा नाही. बैलबंड्यांच्या दोन चाकोऱ्यांमध्ये जो उंचवटा असतो त्याच्यावरून जायचं, आणि नजर दहा हात पुढं. शिकवताना त्यांचा डावा हात माझ्या सीटखाली असायचा. तो हात सुटला की मला लगेच कळायचं, आणि मी पडायची.

माझ्या नातीनं मागच्या वर्षी जाड टायरांची सायकल घेतली. रविवारी पहाटे पाचसहा जण मिळून निघतात आणि गुळगुळीत डांबरी रस्ता सोडून मुद्दाम मुरमाच्या वाटा, पांदणी शोधत हिंडतात. पवनारचा पडका दरवाजा, केळझरचा किल्ला, बोरचं जंगल. त्यांच्या या खेळाला इंग्रजी नाव आहे, ते माझ्या कवळीत बसत नाही. आम्ही डांबर यावं म्हणून नवस बोललो आणि ह्या मुरूम शोधत फिरतात. परवा ती आली, मी तिच्या तोंडाआधी टायर बघितलं आणि म्हटलं, "हिंगणीवरून आलीस." ती चकित झाली. म्हणाली, "आजी, तुला कोणी सांगितलं?" मी काय सांगणार? त्या तांबड्या मुरमानं आमचं घर मोडत आणलं होतं, हे तिला सांगायला एक प्रकरण लागतं.

तर त्या वर्षी दिवाळी झाली, कापूस फुटला, सरकी काढणाऱ्या जिनाच्या भोंग्यावर गावाचे दिवस सुरू झाले, आणि बाबा बदलले. त्यांच्या नेमणुकीचे मैल सेलूच्या पुढून सिंदीकडे जाणारे. सोमवार, बुधवार, शनिवार ते तिकडे जायचे, बाकीचे दिवस वर्ध्याजवळ. सोमवारी चाकं काळी, शनिवारी काळी. बुधवारी मात्र तांबडी. पहिल्या वेळी मी काही बोलले नाही. दुसऱ्या बुधवारी विचारलं, "बाबा, आज कुठं गेलते?" तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिंदीले. दुसरं कुठं जाईन?" माझ्या हातातलं फडकं लाल झालेलं, आणि हा माणूस सिंदी म्हणतोय. मागे वळून बघितलं तर आई पदरानं हात पुसत दारात उभी होती, आणि तिची नजर फडक्यावर होती.

त्यानंतर आई आणि मी न बोलता एकाच माणसावर पाळत ठेवायला लागलो. बाबांनी बबनला उचलणं बंद केलं. पोरगं हात वर करून उभं राहायचं, हे म्हणायचे, "आंग मळलं आहे, सरक." त्यांनी आपला पितळी पेला वेगळा काढला, कोनाड्यात पालथा ठेवायचे, स्वतः घासायचे. ताटही वेगळं. आईनं कारण विचारलं तर म्हणाले, पोटाचा विकार आहे, वैद्यानं सांगितलंय. कोणत्या वैद्यानं ते सांगितलं नाही. अंथरूण खोलीतून ओसरीत गेलं. अंगाला कसल्याशा उग्र कडू तेलाचा वास यायचा, आमच्या घरात ते तेल नव्हतं. एकदा बिडी ओढत बसले होते, बिडी जळत जळत बोटांपर्यंत आली, कातडी करपल्याचा वास आला, तरी यांना पत्ता नाही. आईनंच झटकून टाकली. मग म्हणाली, "ध्यान कुठं आहे तुमचं?" बाबा नुसते बोटाकडे बघत राहिले. त्या रात्री गोळाभात केला होता, बाबांचा जीव की प्राण. वरून कडकडीत तेल घातलेला तो भात बाबांनी अर्धा टाकला. टाकलेल्या भाताकडे बघून आई मला म्हणाली, "कमे, पोट बाहेर भरते आहे यांचं."

मी पंधरा वर्षांची होते, अर्थ कळत होता. लाईनीत असल्या गोष्टी कुजबुजीनं कळायच्याच. कोणत्या मुकादमाचं कोणत्या गावात दुसरं बिऱ्हाड आहे, याची यादी बायकांना पाठ असायची. आईच्या लेखी हिशेब पक्का होता: हिंगणीला कोणीतरी आहे, ती याला जेवू घालते, तेल लावून देते, आणि तिनंच आपल्या घरचं पाणी तोडायला लावलंय. आई रडली नाही. तिनं फक्त सिंदीला मामांना निरोप पाठवला, की पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी ये, आपण काय ते बोलून टाकू, मला आणि लेकरांना घेऊन जा. सिंदीला मुलींसाठी पुढच्या इयत्तेची शाळा नव्हती. मामांकडे गेले की माझं पुस्तक मिटणार, आणि वर्षभरात कोणाच्या तरी वावरात कापूस वेचत असणार, हे मला लख्ख दिसत होतं. त्या न पाहिलेल्या बाईचा मला इतका राग आला की तिला शोधून काढायचीच असं मी ठरवलं.

शाळेत शिवणाच्या बाई होत्या, त्यांच्याकडे बायकांची सायकल होती. बुधवारी सकाळी मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि सांगितलं, सेलूला मावशी आजारी आहे, जाऊन येते. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "खरं सांगतेस?" म्हटलं, हो. "मग डोळे का खाली?" मी डोळे वर केले आणि पुन्हा तेच खोटं बोलले. दुसऱ्यांदा बोलताना खोटं बरंच सोपं जातं, हे मला त्या दिवशी कळलं. बाईंनी किल्ली दिली.

बाबा पुढे गेले होतेच. मला घाई नव्हती, त्यांच्या टायरची नक्षी मी ओळखत होते. मागचं टायर एका जागी फाटलं होतं, तिथं आतून गेटरचा तुकडा घातला होता, त्याचा फुगवटा दर पाचेक हातांवर मुरमात उमटायचा. पवनारला धाम नदी ओलांडली, पडक्या दरवाज्याखाली मेंढरं बसली होती. पुढे चढ-उतार सुरू झाले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेली पांढरीशुभ्र पऱ्हाटी, शेतांच्या धुऱ्यांवर बोरी, वेचणाऱ्या बाया कंबरेला ओटे बांधून ओळीनं सरकणाऱ्या. प्रत्येक उतारावर वारा कानात घुसायचा आणि हँडल ढिलं सोडलं की चाक खरंच आपली वाट शोधायचं. खोटं कशाला बोलू, त्या चाळीस हातांच्या उतारांवर मला आनंद होत होता. बापाची चोरी पकडायला निघालेल्या पोरीला आनंद व्हायला नको, हे कळत असूनही होत होता. मग चढ यायचा, मांड्या भरून यायच्या, आणि संशय परत येऊन पाठीवर बसायचा.

सेलूच्या पुढे फाटा लागतो. सिंदीला जायचं तर एक वाट, हिंगणीला दुसरी. मी सायकलवरून उतरून खाली वाकले. गेटरचा फुगवटा स्पष्टपणे हिंगणीकडे वळला होता. इतका वेळ मनात कुठंतरी आशा होती की आपलं चुकलं असेल, मुरूम कोणी गाडीभर आणून सिंदीच्या वाटेवर टाकला असेल. ती तिथंच संपली. पुढची वाट मी रडत, शिव्या देत कापली. सागाची झाडं जवळ आली, मुरूम पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा तांबडा झाला. हिंगणी आलं, गावातली जुनी पडकी गढी मागं पडली, पण फुगवटा गावात थांबला नव्हता. तो जंगलाच्या तोंडाकडे गेला होता. मला वाटलं, म्हणजे गावात तोंड दाखवायचीही सोय नसलेली बाई आहे.

मोहाचं एक मोठं झाड होतं. त्याच्या खोडाला बाबांची सायकल टेकलेली. मी सायकल निरगुडीच्या झुडपात आडवी केली आणि वाकून पुढे गेले. आणि मला ती बाई दिसली. पांढरं लुगडं, केस घट्ट बांधलेले, वयानं आईपेक्षा लहान. ती एका स्टुलावर बसली होती आणि समोर बाजेवर माझे बाबा डोळे मिटून बसले होते. त्यांचा डावा हात तिच्या मांडीवर होता. तिच्या बोटांत कोंबडीचं एक पीस होतं आणि ती ते पीस हळूच त्यांच्या तळहातावरून फिरवत होती. ती काहीतरी विचारत होती आणि बाबा डोळे मिटूनच मान हलवत होते. असली लाडीगोडी मी जन्मात पाहिली नव्हती. माझ्या हाताला एक धोंडा लागला, तो मी उचललाही.

तेवढ्यात तिचं बोलणं वाऱ्यावर आलं. "आता कुठं लावलं, दाखवा बोटानं." पीस करंगळीवर होतं. बाबांनी उजव्या हातानं अंदाजानं मनगट दाखवलं. तिनं पीस ठेवून टाचणी घेतली. "आता?" टाचणी टोचली, रक्ताचा थेंब आलेला मला दिसला, आणि बाबा तसेच वाट बघत बसले. शेवटी म्हणाले, "लावली काय?" मग मी आजूबाजूला बघितलं. झाडाच्या पलीकडे लोक रांगेनं बसले होते. एकाच्या पायाला चिंध्या बांधलेल्या. एका म्हातारीचं नाक बसलेलं. एकाला बोटंच नव्हती, तो दोन मनगटांत डबी धरून होता. एक पत्र्याची पेटी, त्यात कागदाच्या पुड्या, बाटल्या, आणि तो कडू तेलाचा वास. धोंडा माझ्या हातातून कधी पडला ते कळलं नाही.

वर्ध्यात वाढलेल्या पोराला हा रोग ओळखायला शिकवावं लागत नाही. तो कोणाला झाला की त्या घराचं पुढं काय होतं हेही शिकवावं लागत नाही.

पुडी खिशात घालून बाबा सायकलकडे आले आणि थबकले. खाली बघत होते. त्यांना माझ्या चाकाची खूण दिसली होती. सडकेचा माणूस, त्याच्या नजरेतून काय सुटणार? खुणेच्या मागोमाग झुडपापर्यंत आले आणि मला बघितल्यावर पाच हातांवर उभे राहिले. मी धावत जवळ जायला लागले तर उजवा हात वर केला.

"तिथंच राह्य, कमे. जवळ नको येऊ."

"बाबा, हे कधीपासून?"

"पावसाळ्यात समजलं. ब्रेक दाबला तं दाबला का नाई हेच कळेना. दत्तपूरचा महारोग्यांचा दवाखाना जवळ पडते, पन तिथं सारे ओळखतात. म्हनून इतक्या दूर येतो." मग घाईघाईनं म्हणाले, "दवाखान्याची बाई म्हनते, लवकर सापडलं. गोळ्या सोडल्या नाई तं बोटं जात नाई. पोराबाळाले बी होत नाई इतक्यात. पन मी कायले भरवसा ठेवू?"

"मायले सांगा ना."

"काय सांगू? लाईनीत समजलं तं उद्या खोली खाली करा म्हनतीन. नोकरी जाईन. तुले सून कोन करीन? बबनले कोन शिवीन?"

"पन माय समजून राह्यली की तुम्ही..."

"मले माहीत आहे काय समजून राह्यली ते." ते खाली बसले, मुरमाचा एक खडा उचलून डाव्या तळहातात दाबला, आणि त्याकडे बघत म्हणाले, "समजू दे. बाईचा डाग चार वर्सांत लोकं विसरतात, पोरी. हा नाई विसरत. तुया गळ्याची आन आहे, बोलजो नको."

परतीच्या वाटेवर ते पुढे आणि मी मागे. मधे वीसेक हात अंतर. उतारांवर मी बघत होते, ते डाव्या ब्रेकला हात लावत नव्हते, मला शिकवताना सांगितलं तसं. आणि आता मला कळत होतं की तो नियम कधीपासून नियम राहिला नव्हता, त्या हाताला ब्रेक कळतच नव्हता. पवनारला नदीत उतरून मी दोन्ही सायकलींची चाकं धुतली. बाबा काठावर उभं राहून बघत होते. त्या दिवसापासून आमच्या घरात खोटं बोलणारे दोघं झाले.

धुतलेली चाकं घरी नेणं म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखंच होतं. त्यामुळे पुढच्या बुधवारी बाबा अंधार पडता पडता आले तेव्हा मी चाकं ओलीच पुसली आणि मोरीजवळची काळी माती मुठीनं घेऊन रिमला, मडगार्डला चोळली. महादूकाका ओसरीतून बघून म्हणाले, "सिंदीले भलता चिखल आहे का व?" म्हटलं, "पाटाचं पानी सोडलं असन." काम बरं जमलं असं मला वाटलं. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच केलं. आई काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे तिची खात्री पटली, असा मी सोयीचा अर्थ लावला.

रविवार दोन दिवसांवर आला होता. मी मोरीवर भांडी घासत होते. आई सायकलशी गेली, मागच्या मडगार्डखाली बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, आणि मग जिभेला लावलं. माझ्याशेजारी येऊन बसली. राखेनं माखलेला माझा हात धरून तिनं आपलं बोट माझ्या तळहाताला पुसलं.

"कमे, ही सिंदीची माती नोहे. हिच्यात आपल्या चुलीची राख आहे."

"ज्या मातीत मी लोळली, ते मले नाई कळत काय? तिले इतकुसं पानी लागलं तं बोटाले सोडत नाई." आवाज चढला नव्हता, पण हात सोडत नव्हती. "बापाचं झाकून राह्यली तू. म्हनजे तुले माहीत आहे. पाह्यलं तू तिले?"

काय म्हणणार? पाहिलं होतं. मी मान हलवली. आईनं माझा हात सोडला. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत माझ्याकडे कोणी तसं बघितलेलं नाही. म्हणाली, "चांगली आहे दिसाले?" आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन ट्रंक भरायला लागली. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं होतं. मी गळ्याला हात लावून बसून राहिले, कारण बाबांनी माझ्याच गळ्याची शपथ घातली होती, आणि शपथ मोडली तर मी मरेन याची भीती नव्हती. बाबांना मरावंसं वाटेल असं काहीतरी मी करीन, याची होती.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं मामा आले. सिंदीच्या जिनात ते रुई दाबायच्या कामावर होते, अंगानं दांडगे, बोलायला थोडके. बाजेवर बसले. शेजारी ट्रंक. बबन त्यांच्या मांडीवर. आई चुलीपुढं, पाठ आमच्याकडे. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे, आत आलेच नाहीत.

"जवाईबापू," मामा म्हणाले, "मी भांडाले नाई आलो. एकच गोठ इचारतो. हिंगणीले कोनी आहे का नाई?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी विनवत होते. ते म्हणाले, "आहे."

"कोन?"

"आहे एक बाई."

मामांनी बबनला खाली ठेवलं. बाहेर कोणाचीतरी सायकल टिकटिकत गेली. आईनं चहा गाळला. रीत मोडायची नाही, म्हणून मामांना कपबशी, आणि कोनाड्यातला तो वेगळा पेला घेऊन त्यात बाबांचा. चहा आधणासारखा उकळलेला. पितळी पेला तिनं पदराच्या चार घड्या करून धरला होता, तरी तिच्या बोटांना चटका बसत असावा, कारण तिनं तो घाईनं बाबांच्या पुढ्यात केला. बाबांनी डाव्या हातानं घेतला. अख्ख्या तळहातात. आणि तसाच धरून मामांना सांगत राहिले, "घेऊन जा तुम्ही हिले. मी पैसे पाठवत जाईन. कमीची शाळा तेवढी..."

आई हलली नाही. तिची नजर त्या हातावर खिळली होती. पेल्याच्या काठावरून वाफ येत होती. एक क्षण गेला, दुसरा गेला. तळव्याच्या कडेची कातडी पांढरी पडायला लागली होती आणि बाबा शाळेविषयी बोलत होते. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथं आधी राग होता, मग काहीच नव्हतं, मग तिचं तोंड किंचित उघडलं. बिडी, पेला, ताट, ओसरी, कडू तेल, उचलून न घेतलेलं पोर. ती सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचत होती, आणि मला ते दिसत होतं.

तिनं पदर पुढं करून त्यांच्या हातातून पेला काढून घेतला.

"दादा," ती मामांकडे न वळता म्हणाली, "तू दुपारच्या गाडीनं जा. मी येत नाई."

"आतालोक तं येतो म्हनत होती..."

"पोरीची परीक्षा आहे." मग तिनं त्या पेल्यावर फुंकर घातली आणि त्यातला चहा स्वतः प्यायली. बाबा "अवं नको, कमीची माय, नको" म्हणत पुढं झाले, तर ती पेला तोंडाला लावूनच दोन पावलं मागं सरली आणि संपवूनच थांबली. बाबा खाली बसले आणि त्यांनी पंच्यात तोंड घातलं. मामा भांबावून एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना काही कळलं नाही आणि मरेपर्यंत कोणी कळू दिलं नाही. त्यांचा समज असा झाला की बहिणीनं सवत पत्करली, आणि त्यासाठी पुढं आयुष्यभर त्यांनी बाबांना माफ केलं नाही.

मामा निघताना आई त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली. "दादा, सिंदीची डबाभर माती पाठवजो कोनाच्या हाती. आपल्या वावरातली."

"माती कायले?"

"तुळशीले पाह्यजे."

बुधवारी पहाटे ती नेसून तयार झाली. बाबांनी विचारलं, कुठं? म्हणाली, "मले बी त्या बाईले पाह्यचं आहे." आणि बबनला माझ्याकडे देऊन जन्मात पहिल्यांदा सायकलच्या कॅरिअरवर बसली, बाबांच्या कमरेला धरून. परत आली ती संध्याकाळी, लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत तांबडा. म्हणाली, "हाताले बरी आहे ते. पीस हलकं लावते." त्यापुढं त्या विषयावर ती एवढंच बोलली.

मी सवयीनं फडकं मारून चाकं पुसली आणि मोरीजवळच्या मातीकडे हात नेला. तोवर लुगडं बदलून आलेल्या आईनं हातावर चापटी दिली. मामांनी आदल्या दिवशी पाठवलेला डबा तुळशीमागून काढला, झाकण उघडलं, चार थेंब पाणी शिंपडून माती मळली आणि माझ्यापुढं सरकवली.

"लावाची तं खरी लाव."

आम्ही दोघी वाकून रिमला माती चोळत होतो तेव्हा महादूकाका पान खात आले. आधी चाकाकडे बघितलं, मग आईकडे. "जोडीनं सिंदीले गेलते वाटते, वहिनी?"

"माहेर आहे माह्यं," आई म्हणाली, "जाऊ नाई काय?" आणि बोटाला चिकटलेली काळी माती तिनं त्यांच्यासमोर सावकाश कपाळाला लावली.